टिकावाचा दांडा



आपल्या अंकात बहुतेक वेळा जुन्या मुंबईच्या आठवणी येतात, कोणाच्या घरच्या मलिद्याची हकीकत येते, नाही तर चिकाच्या हलव्याची कृती येते. मी आज टिकावाबद्दल लिहिणार आहे. टिकाव म्हणजे आपला नेहमीचाच, रस्ता खोदणाऱ्यांच्या हातात असतो तो. इस्राएलमध्ये त्याला ‘मकोश’ म्हणतात आणि आपले फावडे म्हणजे तिथली ‘तुरिया’, हे तिकडच्या वाचकांना मी सांगायला नको. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळांच्या हाताला तिचे घट्टे पडले आहेत. आमच्याकडे अमेरिकेत हाच टिकाव घेऊन लोक हौसेने सोने शोधायला जातात. मीही गेलो, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती मोठ्यांनीही वाचावी आणि मुलांनीही वाचावी, म्हणून हे लिहितो.

माझा जन्म मुंबईला इस्राएल मोहल्ल्यातला. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लोहारकामाला होते, आणि पुढे मीही त्याच वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागलो. निवृत्त झाल्यावर १९९९ साली आम्ही दोघे मुलाकडे कॅलिफोर्नियात आलो. सॅक्रामेंटो शहराजवळ त्याचे घर आहे. इकडे आल्यावर माझ्या हातांना काही काम उरले नाही. नळ गळला तर मुलगा माणूस बोलावतो. खुर्चीचा पाय मोडला तर खुर्ची फेकून नवीन आणतात. आमची सौ. म्हणायची, “तुम्ही आता नुसते बसा. आयुष्यभर खपलात ना?” पण नुसते बसायलाही अंगात कला लागते, ती माझ्याकडे नाही.

घरात नातू होता. तो मराठी समजायचा, पण उत्तर इंग्रजीत द्यायचा. मी विचारायचे, “बाळ, जेवलास का?” त्याने म्हणायचे, “येस, आजोबा.” एवढेच आमचे संभाषण.

२०११ सालच्या उन्हाळ्यात तो दहा वर्षांचा होता. इथे कॅलिफोर्नियाच्या शाळांत चौथीच्या मुलांना राज्याचा इतिहास शिकवतात, आणि त्यात सोन्याचा धडा मोठा असतो. २४ जानेवारी १८४८ या दिवशी कोलोमा नावाच्या ठिकाणी जेम्स मार्शल नावाच्या सुताराला नदीच्या पाण्यात सोन्याचे कण चमकताना दिसले. जॉन सटर याच्यासाठी तो तिथे लाकूड कापायची गिरणी बांधत होता. त्यानंतर नऊच दिवसांनी मेक्सिकोने तहात हा सगळा मुलूख अमेरिकेला देऊन टाकला. देणाऱ्याला ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते की खाली काय आहे! पुढच्याच वर्षी, म्हणजे १८४९ साली, जगभरातून माणसांचे लोंढे आले. ज्यांची ती भूमी होती त्या निसेनान लोकांची मात्र वाताहत झाली, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

या लोंढ्यात आपले यहुदी लोकही होते. बहुतेकांनी खाणीत न उतरता दुकाने मांडली. सोनोरा, जॅक्सन, प्लेसरव्हिल, नेवाडा सिटी या खाणींच्या गावांत त्यांची जुनी कब्रस्ताने अजून आहेत. सॅक्रामेंटोच्या यहुद्यांनी १८५२ साली स्वतःचे सिनेगॉग घेतले. त्यांच्या मंडळीचे नाव ऐकून मला हसू आले: ‘बनाय इस्राएल’. म्हणजे आपलेच की! बव्हेरियाचा लेवी स्ट्रॉस १८५३ साली सान फ्रान्सिस्कोत कापडाचा व्यापार करायला आला. मूळचा रीगाचा जेकब डेव्हिस हा रेनो गावात शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे फाटू नयेत म्हणून त्याने तांब्याचे रिव्हेट मारले. १८७३ साली दोघांनी मिळून त्याचे पेटंट घेतले, आणि तीच आजची जीन्स. आमचा नातू ती घालूनच माझ्यासमोर उभा होता.

“आजोबा, आपण गोल्ड शोधू या,” तो म्हणाला. ‘आपण शोधू या’ हे त्याने मराठीत म्हटले. मग मी कसला नाही म्हणतो!

दोन आठवड्यांनी शेजारच्या गल्लीत एकाने घरातले जुने सामान विकायला काढले होते. त्यात मला एक टिकाव दिसला. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला आडवे रुंद पाते. लोखंडाचे डोके अडीच पौंडांचे. खोदकामाचा मोठा टिकाव पाच पौंडी असतो आणि त्याचा दांडा तीन फूट. तो म्हाताऱ्याच्या कामाचा नाही आणि मुलाच्या तर नाहीच. नदीकाठी वाकून, खडकाच्या फटीत काम करायचे तर डोके हलके आणि दांडा दोन-सव्वादोन फूट पुरतो. टोकाने फटीतला घट्ट बसलेला गाळ सैल करायचा आणि रुंद पात्याने तो ओढून घ्यायचा. सोने जड असते. पाण्याच्या जवळजवळ १९ पट. साधी वाळू अडीच पटींच्या थोडी वर. म्हणून पुरात वाहत आलेले सोने जिथे पाण्याचा जोर कमी होतो तिथे बसते: नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला आणि खालच्या खडकाच्या चिरांत. त्या चिरांसाठी टिकाव.

मी डोके दगडावर हलके वाजवून पाहिले. ‘टण्’ असा स्वच्छ आवाज आला. वडिलांनी हे शिकवले होते. लोखंडाला चीर असली की आवाज फुटका, बद्द येतो. डोके उत्तम होते. दांडा मात्र जुना, उन्हात पडून करडा झालेला आणि डोक्यात खुळखुळत होता. मालकाने सहा डॉलर सांगितले. मी लगेच दिले.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, “दांडा हलतोय. नवीन घाला.”

मी म्हटले, “हलू दे. रात्रभर बादलीत बुडवून ठेवतो, सकाळी घट्ट होईल.”

आणि झालाही. सकाळी असा घट्ट बसला की हलवता हलेना. मी नातवाला मोठ्या ऐटीत दाखवले. मला ठाऊक होते की हा उपाय टिकत नाही. वर्कशॉपमध्ये वडिलांनी याच कारणासाठी एका हेल्परला माझ्या देखत झापले होते. तरी मी केले. का केले? नवीन दांड्याला दहा-बारा डॉलर पडले असते. मुलाकडे मागायचे माझ्या जिवावर आले आणि स्वतःचे खर्चायचेही जिवावर आले. खरे कारण एवढेच आहे.

पहिल्यांदा आम्ही कोलोमालाच गेलो. आमच्यापासून मोटारीने तासाभरावर. तिथे आता सरकारी उद्यान आहे, आणि ठरावीक काठावर लोकांना सोने धुऊ देतात. पण नियम असा की फक्त पॅन आणि आपले दोन हात. टिकाव, फावडे काही चालत नाही. रेंजरने हसून सांगितले, “हे गाडीत ठेवा.” ज्या टिकावासाठी एवढा खटाटोप त्याचा पहिल्याच दिवशी टिकाव लागला नाही! नातवाला मी हा शब्दांचा खेळ समजावून सांगितला. त्याला तो समजला आणि तो मोठ्याने हसला, त्याचे मला सोन्यापेक्षा जास्त वाटले.

तिथे मार्शलचा पुतळा आहे. ज्या जागी सोने दिसले तिकडे तो बोट दाखवतो. या माणसाला सोन्याने काही दिले नाही. म्हातारपणी तो जवळच्या केल्सी गावात लोहाराचे दुकान चालवायचा आणि १८८५ साली गरिबीतच वारला. सॅम ब्रॅनन नावाच्या व्यापाऱ्याने मात्र आधी टिकाव, फावडी, पॅन विकत घेऊन ठेवली आणि मग सान फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून “सोने! सोने!” ओरडत फिरला. तो गबर झाला. प्लेसरव्हिलला जॉन स्टुडबेकर नावाच्या तरुणाने खाणवाल्यांना ढकलगाड्या करून विकल्या. पाच वर्षांत ८,००० डॉलर जमवून तो परत गेला आणि ते पैसे त्याने भावांच्या गाड्यांच्या कारखान्यात घातले. हत्यारे करणाराच शहाणा, असे मी नातवाला सांगितले. बोलायला काय जाते? आमचे स्वतःचे हत्यार गाडीच्या डिकीत उन्हात वाळत पडले होते.

दुसऱ्यांदा जाण्यापूर्वी मी जंगल खात्याच्या कचेरीत जाऊन विचारले. सरकारी जंगलात काही ठिकाणी हाताच्या हत्यारांनी थोडेफार खोदू देतात, पण दुसऱ्याने नोंदवलेल्या जागेत खोदायचे नाही, झाडाची मुळे उघडी पाडायची नाहीत आणि खड्डा बुजवूनच घरी जायचे. नकाशावर त्यांनी जागा दाखवली. हे सगळे मी नीट केले. फक्त दांडा पुन्हा तपासला नाही.

जुलै महिना होता. कॅलिफोर्नियाचा उन्हाळा आपल्या मुंबईसारखा घामाचा नाही. हवा कोरडी, पापड भाजल्यासारखी. दोन आठवड्यांत ते लाकूड पार वाळून गेले होते. काठावर मी एका दगडावर बसलो आणि म्हटले, “उचल, बाळ. पण हळू.” त्याने टिकाव दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. त्या क्षणी लोखंडाचे डोके दांड्यावरून घसरत खाली आले आणि त्याच्या वरच्या हाताच्या अंगठ्यावर बसले.

तो ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग रक्त दिसले.

दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड वाचले होते. नख काळेनिळे झाले आणि पुढे गळून पडले. डॉक्टर म्हणाले, नवीन येईल. मुलगा म्हणाला, “जाऊ दे पपा, होतं असं.” सूनबाई काहीच बोलली नाही. आठ दिवस ती मला चहा देत होती, जेवायला वाढत होती, पण बोलत नव्हती. ती रागावून बोलली असती तर बरे झाले असते. मी ते हत्यार गॅरेजच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले आणि त्याच्यावर गोणपाट टाकले. पस्तीस वर्षे हत्यारे हाताळलेला माणूस मी, आणि बारा डॉलरसाठी पोराचा अंगठा ठेचला.

नवव्या दिवशी नातू गॅरेजमध्ये आला. अंगठ्याला पांढरे बँडेज. त्याने गोणपाट काढले आणि म्हणाला, “आजोबा, ते खाली का आलं? रात्री तर टाइट होतं.”

त्याला राग नव्हता. त्याला ते समजून घ्यायचे होते. मी त्याला खरे ते सगळे सांगितले. आता तुम्हालाही सांगतो.

हातोडीचा आणि कुऱ्हाडीचा दांडा खालून घालतात आणि वरून पाचर ठोकतात. टिकावाचे तसे नाही. टिकावाच्या डोक्यातले भोक वरच्या बाजूला मोठे आणि खालच्या बाजूला लहान असते. दांडाही वरच्या शेवटाला जाड. डोके दांड्याच्या बारीक टोकाकडून ओवायचे आणि वर सरकवत न्यायचे, म्हणजे जाड शेवटाला येऊन ते आपोआप अडकते. जितके काम कराल तितके घट्ट होते, पुढे उडून जात नाही. पण दांडा वाळून बारीक झाला तर? टिकाव वर उचलला की ते डोके आल्या वाटेने खाली घसरते. आणि खाली आपला हात असतो.

आणि पाण्याचे काय? पाण्यात लाकूड फुगते. पण बाजूने लोखंड असल्यामुळे त्याला फुगायला जागा नसते. मग लाकडाच्या आतल्या बारीक नळ्या चेंगरतात. वाळल्यावर लाकूड आकसते ते आधीपेक्षाही बारीक होते. म्हणजे बादलीने दांडा एक दिवस घट्ट होतो आणि कायमचा सैल होतो.

“यू न्यू दॅट?” त्याने विचारले.

मी म्हटले, “हो बाळ. मला ठाऊक होतं.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ओके. मग नवीन करू या.”

आम्ही दुकानात गेलो. तिथे हिकरी नावाच्या लाकडाचे दांडे एका पिंपात उभे करून ठेवतात. हिकरी म्हणजे इथली बाभूळ समजा: चिवट, धक्का सोसणारी, फटकन न मोडणारी. अलिबागकडे आमच्या आजोबांच्या वाडीत कुदळीला बाभळीचाच दांडा असायचा. मी नातवाला दांडा कसा निवडायचा ते दाखवले. डोळ्यापुढे धरून बघायचे, वाकडा नाही ना. गाठ नको. लाकडाच्या रेघा दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. रेघ मध्येच तिरपी होऊन बाजूने बाहेर पडली की दांडा नेमका तिथे मोडणार. शेवटी कापलेल्या तोंडाकडे पाहायचे. तिथे झाडाच्या वर्षांच्या रेघा दिसतात. त्या घावाच्या दिशेने उभ्या हव्यात, आडव्या नकोत. नातवाने अकरा दांडे बाहेर काढले आणि बारावा पसंत केला. दुकानदार बघतच राहिला. पैसे मी दिले, न कुरकुरता.

घरी तो बसवायला दोन तास लागले. भोकाच्या आत कोळसा घासला, डोके दांड्यावर सरकवले आणि परत काढले. जिथे काळे लागले तिथे लाकूड जास्त आहे असे समजायचे आणि तेवढेच कानशीने उतरवायचे. परत सरकवायचे, परत बघायचे. घाई केली आणि जास्त उतरवले, तर दांडा फुकट. शेवटी जाड टोक खाली धरून ओंडक्यावर दणादण आपटले. दांडा थांबतो, पण जड डोके आणखी खाली जाऊ पाहते, त्यामुळे ते गच्च बसते. एवढ्यावर न थांबता डोक्याच्या लगेच खाली दांड्यात एक आडवा स्क्रू बसवला. उद्या दांडा वाळला तरी डोके त्या स्क्रूवर अडेल, हातावर येणार नाही. हा स्क्रू आधी बसवला असता तर दहा पैशांत काम झाले असते.

मग दांड्यावरचे चकचकीत व्हार्निश पॉलिश पेपरने काढून टाकले. त्याने हात घसरतो आणि फोड येतात. त्यावर अळशीचे तेल चोळले. इथल्या सुतारांचा एक नियम आहे: आठवडाभर रोज एकदा, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा आणि त्यानंतर जन्मभर वर्षातून एकदा. तेलाने लाकूड कोरड्या हवेत लवकर सुकत नाही आणि ओल्या हवेत लवकर फुगत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आतून तापतात आणि काडी न लावता पेट घेऊ शकतात. फडके उघड्यावर पसरून वाळवायचे आणि मगच टाकायचे. हे मला दुकानदाराने सांगितले. मी नातवाला म्हटले, “बघ, आपल्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणायचे. पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा चालवला आणि शनिवारी बैल सोडून ठेवला. आणि तेलाची ही गोष्ट मला अमेरिकेत शिकावी लागली.” मग शनवार तेली म्हणजे काय, घाणा म्हणजे काय, बैल कसा फिरतो, हे सगळे त्याला सांगावे लागले. त्या दुपारी तो माझ्याशी जेवढे मराठी बोलला तेवढे तोपर्यंतच्या दहा वर्षांत बोलला नव्हता. दांडा, पाचर, कानस, भोक. या शब्दांना त्याच्याकडे इंग्रजी पर्याय नव्हते, त्यामुळे त्याला आमचेच घ्यावे लागले.

टोकाला धार लावायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, वडिलांचे विजेचे ग्राइंडर आणू का? मी म्हटले नको. लोखंडाला लोहार पाणी देतो, म्हणजे तापवून विझवतो, तेव्हा ते कठीण होते. ग्राइंडरवर धरून टोक निळे पडले की ते पाणी उतरले म्हणून समजा. मग ते टोक खडकावर शिशासारखे वाकते. त्यापेक्षा हाताने कानस चालवावी, सावकाश, एकाच दिशेने. सुरीसारखी पातळ धारही नको, ती तुटते. आणि टिकावाच्या डोक्यावर हातोडीने कधी ठोकायचे नाही. कठीण लोखंडाची कपची उडून डोळ्यात जाते. खोदताना डोळ्यांवर चष्मा हवाच. दगड उचकटायला दांड्याचा तरफेसारखा उपयोग करायचा नाही, त्याला पहार वेगळी. घरी आल्यावर चिखल धुवायचा, कोरडे पुसायचे, लोखंडाला तेलाचा हात फिरवायचा आणि सावलीत टांगून ठेवायचे. गाडीच्या डिकीत नाही.

त्याच्यासाठी मी एक छोटी खडकफोडी घेतली. इलिनॉय राज्यात रॉकफर्डला एस्टविंग नावाची १९२३ सालापासूनची कंपनी आहे. तिच्या या हातोडीचे डोके आणि दांडा एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेले असतात आणि मुठीला निळे आवरण असते. डोके २२ औंसांचे. यात सैल व्हायला काही नाहीच. लहान मुलांसाठी हेच बरे. फक्त पोलादाचा धक्का कोपरापर्यंत जातो, म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना लाकडाचा दांडा मऊ वाटतो.

सप्टेंबरात आम्ही तिसऱ्यांदा निघालो. सूनबाईची परवानगी मागायची माझी छाती होत नव्हती. सकाळी गॅरेजमध्ये गेलो तर तीच तिथे उभी. तिने टिकाव उचलला, उभा धरला, दोनदा झटका देऊन पाहिला, डोके दांड्यावर हलते का ते. नातवाने तिला शिकवले होते. मग म्हणाली, “पपा, मी पण येते.” आठ दिवसांचा अबोला केव्हाच संपला होता, पण मला तो खरा संपला तो त्या वेळी.

सगळेच गेलो. मी आणि नातवाने एका खडकाच्या चिरेतला गाळ काढला, घट्ट, काळा. मुलगा आणि सून तो पॅनमध्ये घालून धूत होते आणि सगळेच वाहून घालवत होते. मुंबईला झवेरी बाजार आमच्या मोहल्ल्यापासून चालत जाण्याइतका. पहाटे दुकानांसमोरची धूळ झाडून, गटारातला गाळ काढून घमेल्यात धुणारे झारेकरी मी लहानपणी पुष्कळ पाहिले होते, पण बघून हात येत नाही. आमची सौ. सावलीत बसली होती. ती उठून आली. “द्या इकडे,” म्हणाली, “तुम्हाला कधी तांदूळ रोळता आले नाहीत, सोनं काय रोळणार?” तिने पॅन पाण्याखाली धरले आणि रोवळीत तांदूळ रोळतात तसे हलके हलके फिरवले. हलकी वाळू वरून जाऊ दिली, जड खाली ठेवली. शेवटी काळी रेती उरली आणि तिच्या कडेला तीन पिवळे कण. मोहरीपेक्षा लहान. अभ्रक ऊन गेले की विझते. हे कण हाताच्या सावलीतही पिवळेच राहिले.

मुलांनो, एक लक्षात ठेवा. पॅनमध्ये कधी चांदीसारखा गोल थेंब दिसला तर त्याला हात लावू नका. जुन्या खाणवाल्यांनी सोने धरायला पारा वापरला, तो अजून नद्यांत आहे. पारा विषारी असतो.

ते तीन कण एका काचेच्या छोट्या बाटलीत पाणी घालून ठेवले आहेत. किंमत काढली तर त्या दिवशीचे पेट्रोलही निघाले नसते. दिमोनाहून माझी मोठी बहीण फोनवर म्हणाली, “अरे, एवढी वर्षं राहून एवढंच सापडलं?” मी म्हटले, “एवढंच.”

आता माझी पंच्याऐंशी उलटली. नदीवर जाणे होत नाही. सौ.ही आता नाही. नातू दुसऱ्या शहरात नोकरी करतो, त्याच्या अंगठ्याचे नख नवीन आले पण जरा वाकडे आले. त्याने हिकरीचा दांडा एकदा बदलला आहे, स्वतः, मला न विचारता, आणि स्क्रू विसरलेला नाही. सुतारांच्या नियमाप्रमाणे आता वर्षातून एकदाच तेल द्यायचे असते. दरवर्षी रोश हशानाच्या आधी तो घरी येतो, तेव्हा आम्ही ते काम करतो. मी खुर्चीवर बसतो, तो तेल चोळतो आणि फडके कुंपणावर पसरून वाळत घालतो. गेल्या वर्षी त्याला यायला उशीर झाला, तर त्याचा फोन आला: “आजोबा, दांड्याला तेल लावू नका हं. मी येतोय.”

तुमच्यापैकी कोणाकडे गॅरेजमध्ये, माळ्यावर किंवा मोशावाच्या कोठारात जुना मकोश, तुरिया, कुऱ्हाड पडली असेल, तर आज उठून एकदा दांडा हलवून बघा. हलत असेल तर बादलीत बुडवू नका. नवीन दांडा आणा, आणि बसवताना घरातल्या एखाद्या पोराला जवळ बसवून घ्या.